सदनिकेतील दूरचित्रवाणी आकाशक

दूरचित्रवाणी आकाशक म्हणजे प्रक्षेपण केंद्राने अवकाशात सोडलेल्या रेडिओ तरंगांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करून ते दूरचित्रवाणी संचाकडे पोचविणारे धातूचे साधन होय. व्यवहारात त्यास अँटेना किंवा एरियल म्हणतात. उपग्रहाकडून संकेत घेणाऱ्या वाटोळ्या आकाशकास छत्री किंवा डिश म्हणण्याची पद्धत आहे. स्वतंत्र घराच्या छपरावर आकाशक बसविणे तुलनेने सोपे असते. बहुमजली इमारतीतील सदनिकेत मात्र उंची, दिशा आणि मोकळे आकाश या तिन्ही गोष्टी रहिवाशाच्या हाती नसतात. त्यामुळे तेथे आकाशकाची निवड हा किंमतीपेक्षा जागेचा प्रश्न ठरतो.

तरंगलांबी आणि आकार

आकाशकाचा आकार ज्या तरंगासाठी तो वापरावयाचा त्याच्या लांबीवर अवलंबून असतो. सर्वांत साधा आकाशक म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतका दांडा मधोमध तोडून केलेला द्विध्रुव. तीनशे या संख्येस मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले असता तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. त्यानुसार ६२ मेगाहर्ट्‌झच्या तरंगासाठी द्विध्रुव सुमारे २.४ मीटर लांब असावा लागतो, २०० मेगाहर्ट्‌झसाठी ७५ सेंटिमीटर आणि ६०० मेगाहर्ट्‌झसाठी अवघा २५ सेंटिमीटर. पूर्वी गावोगावच्या कौलांवर दिसणारे लांब आडव्या नळ्यांचे आकाशक आणि आजचे वहीच्या पुठ्ठ्याएवढे चपटे आकाशक यांतील फरकाचे मूळ या भागाकारात आहे. नवे ते लहान आणि जुने ते अवजड, असा त्याचा अर्थ नव्हे.

अनेक दांड्यांच्या ज्या आकाशकास सर्वसाधारणपणे 'टीव्हीचा अँटेना' म्हणून ओळखले जाते, तो यागी-उदा आकाशक होय. जपानमधील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो १९२६ च्या सुमारास मांडला. यांपैकी संचास जोडलेला दांडा एकच असतो. त्याच्या मागील किंचित लांब दांडा परावर्तकाचे आणि पुढील किंचित आखूड दांडे दिग्दर्शकाचे काम करतात. त्यांना तार जोडलेली नसते. दिग्दर्शक वाढवावेत तसा आकाशक समोरून येणारा संकेत अधिक जोमाने घेतो आणि बाजूच्या व मागच्या संकेतांकडे दुर्लक्ष करू लागतो. दाट वस्तीत हे दुर्लक्ष करणे पुष्कळदा जोमापेक्षा अधिक उपयोगी पडते.

सदनिकेत ग्रहण का बिघडते

पहिले कारण क्षितिज. दूरचित्रवाणीचे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्यांच्या पल्ल्यास मर्यादा पडते. वातावरणातील वक्रीभवन धरून ही मर्यादा किलोमीटरमध्ये काढण्याचे सूत्र सोपे आहे: मनोरा व आकाशक यांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे घेऊन त्यांच्या बेरजेस ४.१२ ने गुणावे. मनोरा ३०० मीटर उंच आणि आकाशक जमिनीपासून १० मीटरवर असेल तर पल्ला सुमारे ८४ किलोमीटर येतो. तोच आकाशक ३६ मीटरवर, म्हणजे साधारण बाराव्या मजल्यावर नेला तर सुमारे ९६. वेष्टनावर शेकडो किलोमीटरचा पल्ला छापलेले आकाशक बाजारात मिळतात. हे आकडे वाचताना वरील गुणाकार एकदा करून पाहावा.

दुसरे कारण खुद्द इमारत. लोखंडी सळ्यांचे जाळे असलेले काँक्रीट, ॲल्युमिनिअमच्या चौकटी, उष्णता रोखण्यासाठी धातूचा सूक्ष्म थर दिलेल्या काचा आणि सज्जाला बसविलेली लोखंडी जाळी यांतून जाताना संकेत क्षीण होतो. जाळीतील पोकळ्या तरंगलांबीच्या मानाने लहान असतील तर ती तरंगांच्या दृष्टीने आरशासारखी वागते, डोळ्यांना तिच्यातून रस्ता स्वच्छ दिसत असला तरीही. म्हणून जाळीच्या आत ठेवलेला आकाशक व तिच्या बाहेर धरलेला आकाशक यांत मोठा फरक आढळतो.

तिसरे कारण परावर्तन. शेजारच्या उंच इमारतींवर आपटून आलेला संकेत मूळ संकेतापेक्षा थोडा उशिरा पोचतो. तरंगास ३०० मीटर जादा अंतर कापावयास एक मायक्रोसेकंद लागतो. भारतात वापरल्या गेलेल्या ६२५ रेषांच्या जुन्या पद्धतीत चित्राची एक रेषा सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत आखली जाई. म्हणजे सुमारे ४२ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर तेवढ्या उशिराने आठ मिलिमीटर उजवीकडे सरकलेले दुसरे फिकट चित्र उमटे. निवेदिकेच्या खांद्यामागे तिचीच सावली उभी असे, ती हीच. यावर आकाशकाचा जोम वाढविणे हा उपाय नाही. परावर्तित संकेत ज्या दिशेने येतो ती दिशा वगळणारा आकाशक निवडणे आणि तो फिरवून पाहणे, एवढेच हाती असते.

डिजिटल प्रक्षेपणाने या लक्षणांचे रूप बदलले. पूर्वी संकेत क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत, तो आणखी क्षीण झाला की मुंग्या वाढत. गच्चीवर एकाने आकाशक फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने ओरडून सांगायचे, ही पद्धत त्या मुंग्यांच्या भरवशावर चालत असे. डिजिटल संकेत ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत चित्र निर्दोष दिसते आणि त्या पातळीखाली उतरताच चौकोन चौकोन होऊन गोठते, मग नाहीसे होते. चित्र उत्तम दिसत असताना संकेत कड्याच्या टोकावर उभा आहे की सुरक्षित अंतरावर, हे पडद्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी संचाच्या यादीतील संकेतमापक उघडावा लागतो. त्यात सामर्थ्य आणि गुणवत्ता असे दोन आकडे असल्यास आकाशक गुणवत्तेच्या आकड्यावरून जुळवावा. परावर्तनामुळे सामर्थ्य भरपूर व गुणवत्ता शून्य, असेही घडते.

निवड

निवडीपूर्वी दोन गोष्टी माहीत असणे आवश्यक आहे: प्रक्षेपण मनोरा कोणत्या दिशेस किती अंतरावर आहे, आणि हव्या त्या वाहिन्या प्रत्यक्षात कोणत्या वारंवारतेवर येतात. दुसरी गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. अमेरिकेतील उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबले आणि पडद्यावर दिसणारा वाहिनी क्रमांक व प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा क्रमांक यांची फारकत झाली. बहुसंख्य केंद्रे आता ४७० ते ६०८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात आहेत. परंतु न्यूयॉर्कमधील डब्ल्यूएबीसी व डब्ल्यूपीआयएक्स ही केंद्रे अनुक्रमे ७ आणि ११ या, म्हणजे १७४ ते २१६ मेगाहर्ट्‌झमधील, जुन्या जागांवरच राहिली. न्यू जर्सीतील एखाद्या सदनिकेत, जेथे मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात, खिडकीला चिकटविलेल्या चपट्या आकाशकावर इतर वाहिन्या येतात आणि नेमक्या याच येत नाहीत, तेव्हा दोष संचात शोधला जातो. वास्तविक तो चपटा आकाशक २५ ते ३० सेंटिमीटरच्या मापाचा असतो आणि या वाहिन्यांना त्याच्या सुमारे तिप्पट लांबी हवी असते. सशाच्या कानांसारखे दोन ताणता येणारे दांडे असलेला जुना, स्वस्त आकाशक तेथे अधिक चांगले काम देतो. ब्रिटनमध्ये ही अडचण नाही, कारण तेथील सर्व भूस्थित प्रक्षेपण ४७० मेगाहर्ट्‌झच्या वर आहे. तेथे लक्ष द्यावे लागते ते ध्रुवणाकडे: मुख्य केंद्रांसाठी आकाशकाचे दांडे बहुधा आडवे आणि लहान सहक्षेपण केंद्रांसाठी बहुधा उभे ठेवावे लागतात.

मनोरा जवळ असून खिडकी त्याच दिशेस असेल तर घरातील साधा द्विध्रुव किंवा चपटा आकाशक पुरतो. तो काचेलगत, शक्य तितका उंच आणि संच, संगणक व वायफायच्या उपकरणापासून दूर ठेवावा. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे विशेषतः २३० मेगाहर्ट्‌झखालील वाहिन्यांत व्यत्यय आणतात. दिवा मालवताच चित्र सुधारले तर कारण सापडले असे समजावे. घरात संकेत जागोजागी बदलतो. परावर्तित तरंग काही ठिकाणी एकमेकांस पूरक व काही ठिकाणी मारक ठरत असल्याने आकाशक ३० सेंटिमीटर सरकविल्यानेही पालट होतो. प्रत्येक नव्या जागी वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यावा, अन्यथा संच जुन्याच यादीवर विसंबून राहतो.

मनोरा दूर असेल पण सज्जा त्या दिशेस उघडत असेल तर सज्जाच्या कठड्यावर लहान यागी बसविणे सर्वांत हितकारक. सदनिकेचे तोंड मनोऱ्याच्या विरुद्ध दिशेस असेल तर घरातल्या घरात महागडा आकाशक आणून उपयोग नसतो. अशा वेळी समोरच्या इमारतीकडे आकाशक रोखून परावर्तित संकेत घेण्याचा प्रयोग कधी कधी यशस्वी होतो, कारण युरोपात व भारतात स्वीकारलेल्या डीव्हीबी-टी कुळातील पद्धती ठरावीक मर्यादेपर्यंतचा उशीर सहन करतात. तोही फसला तर गच्चीवरील सामाईक आकाशक हाच मार्ग उरतो.

प्रवर्धक आणि केबल

'बूस्टर' या नावाने विकला जाणारा प्रवर्धक हे खराब ग्रहणावरील सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत गैरसमज झालेले औषध आहे. प्रवर्धक संकेताबरोबर त्यात मिसळलेला गोंगाटही तितकाच वाढवितो आणि स्वतःचा थोडा त्यात घालतो. आकाशकाने जे पकडलेच नाही ते प्रवर्धक निर्माण करू शकत नाही. त्याचा खरा उपयोग आकाशक व संच यांमधील नुकसान भरून काढण्यासाठी होतो. आरजी-६ या प्रकारच्या केबलमध्ये ६०० मेगाहर्ट्‌झला ३० मीटर अंतरात सुमारे ५ डेसिबल घट होते, म्हणजे संकेताची जेमतेम एकतृतीयांश शक्ती संचापर्यंत पोचते. दोन संचांना संकेत वाटून देणारा विभाजक आणखी सुमारे साडेतीन डेसिबल खातो. ही घट होण्यापूर्वीच, आकाशकाशेजारी, प्रवर्धक बसविला तर लाभ होतो. संचामागे बसविलेला प्रवर्धक बहुतेक वेळा केवळ शोभेचा असतो. मनोरा अगदी जवळ असल्यास तर तो संचाची ग्रहणक्षमता गुदमरवून असलेल्या वाहिन्याही घालवितो. म्हणून आकाशक प्रथम प्रवर्धकाविना जोडून पाहावा.

यागीतील वळविलेल्या द्विध्रुवाचा रोध ३०० ओहमच्या आसपास असतो आणि आजच्या गोल केबलचा ७५ ओहम. दोहोंमध्ये बलून नावाचे लहानसे रोहित्र नसेल तर संकेताचा काही भाग परत फिरतो. जुन्या चपट्या तारेस थेट गोल केबलचा तुकडा पिळून जोडण्याची घरगुती रीत त्यामुळे त्याज्य आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळी येथील त्याचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. पुणे मुंबईपासून दूर असून मधे सह्याद्री असल्याने १९७३ साली सिंहगडावरील सहक्षेपण केंद्र सुरू झाले तेव्हाच पुणेकरांना कार्यक्रम दिसू लागले. पुण्याच्या पेठांतील आकाशक सिंहगडाकडे तोंड करून उभे असत ते यामुळे. २०१६ साली दूरदर्शनने मुंबई व तत्कालीन औरंगाबादसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण आरंभिले. ॲनालॉग प्रक्षेपके मात्र टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली आणि मार्च २०२२ नंतर सामरिक महत्त्वाच्या मोजक्या ठिकाणांपुरती उरली. त्यामुळे जुन्या इमारतींच्या गच्च्यांवरील यागी आकाशक आज बहुतांशी कावळ्यांच्या बसण्याच्या जागा झाले आहेत.

राज्यातील सदनिकाधारकाने मासिक शुल्क न भरता वाहिन्या पाहावयाच्या तर व्यवहार्य साधन म्हणजे डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, आज डीडी फ्री डिश या नावाने चालणारी उपग्रह सेवा. तिचा संकेत ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहाकडून येतो. मुंबईहून तो आग्नेय दिशेस, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर आहे. म्हणून पूर्व किंवा दक्षिण बाजूस सज्जा असलेल्या सदनिकेत वरच्या मजल्याचा सज्जा आड येत नसेल तर छत्री तेथेच बसू शकते. केवळ पश्चिमेस वा उत्तरेस उघडणाऱ्या घरास तो उपग्रह दिसतच नाही, आणि छत्री कितीही मोठी घेतली तरी हे बदलत नाही. उपग्रहाचे तरंग भिंतीतून येत नसल्याने घरातील छत्री हा प्रकार संभवत नाही. पावसाळ्यात ढग दाटले की संकेत काही काळ जातो. किंचित मोठ्या व्यासाच्या छत्रीने ही गैरसोय कमी होते.

गच्ची आणि परवानगी

गच्ची सामाईक असल्यामुळे तेथे छत्री किंवा आकाशक बसविण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची संमती घ्यावी लागते. प्रत्येक घराची वेगळी छत्री व वेगळी केबल यामुळे गच्चीच्या जलरोधक थराला भोके पडतात आणि वरच्या मजल्यावर गळती सुरू होते. पुष्कळ संस्थांचा विरोध या अनुभवातून आलेला असतो. अनेक निर्गम असलेल्या एलएनबीची एकच छत्री लावून तिचा संकेत सर्व घरांत वाटणे हा त्यावरील तोडगा आहे. अमेरिकेत या प्रश्नावर संघीय दूरसंचार आयोगाचा १९९६ पासून नियम आहे. त्यानुसार केवळ स्वतःच्या वापरातील सज्जात भाडेकरूही दूरचित्रवाणी आकाशक किंवा एक मीटरपर्यंत व्यासाची छत्री लावू शकतो, घरमालकास सरसकट मनाई करता येत नाही. सामाईक छतास मात्र हा हक्क लागू नाही.

गच्चीवरील धातूच्या खांबास भूसंपर्क दिलेला असावा आणि तो वीजवाहक तारांपासून इतका दूर असावा की कोसळला तरी त्यांवर पडणार नाही. सज्जाच्या कठड्याबाहेर झुकून आकाशक फिरविणे टाळावे; खांब आतूनच वळविता येईल अशी पकड वापरावी. वादळी पावसात आकाशकाची केबल संचापासून काढून ठेवावी.