वैमानिकाची रात्र कोणती?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायला विमानाला साधारण १५ तास लागतात. उन्हाळ्यात तिथे सकाळचे ८ वाजतात, तेव्हा वैमानिकाच्या शरीराच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात.

मेंदूतलं हे घड्याळ प्रकाशाच्या इशाऱ्यावर चालतं आणि दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. मुक्काम मात्र एक-दोन दिवसांचाच! म्हणून अनेक वैमानिक तिथल्या वेळेशी जुळवून घेतच नाहीत; भरदुपारी जाड पडदे ओढून घरच्या रात्रीची झोप घेतात. उरलेल्या वेळात पायी फेरफटका, हलकं जेवण आणि परतीच्या उड्डाणाआधी एक डुलकी. झोपेआधी काही तास कॉफी बंद.

ही विश्रांती म्हणजे चैन नव्हे. परतीच्या शेकडो प्रवाशांची सुरक्षितता तिच्यावरच अवलंबून असते.