बोअरमध्ये सोडलेलं पाणी मुरतं कुठं?

हिवाळ्याच्या पहाटे विहिरीतून काढलेलं पाणी कोमट लागतं आणि वैशाखात तेच गार लागतं. बदललेली असते ती बाहेरची हवा. पाणी जवळपास तेवढंच असतं. जमिनीखाली तीस-चाळीस फुटांच्या पुढे ऋतूंचा फारसा परिणाम पोहोचत नाही. तिथलं तापमान त्या भागाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास टिकून राहतं. वऱ्हाडात ते साधारण २७ अंश धरू. त्याहून खोल गेलं की ढोबळमानाने दर किलोमीटरला २५ अंश वाढतात. या हिशेबाने सहाशे फुटी बोअरच्या तळाशी खडक साडेएकतीस अंशांचा असेल.

या फरकाचा उपयोग आपल्याकडच्या एका जुन्या प्रश्नासाठी होऊ शकतो. वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बागा जगवता जगवता भूजल खोल गेलं. केंद्रीय भूजल मंडळाने वरूड तालुक्यात कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले. आता अनेक शेतकरी पावसाळ्यात नाल्याचं किंवा छतावरचं पाणी गाळून कोरड्या बोअरमध्ये सोडतात. पाणी आत जाताना दिसतं, समाधान वाटतं. पण ते सहाशे फुटांवरच्या भेगांत गेलं, की ऐंशी फुटांवरच्या मुरमातून निसटून पुन्हा नाल्याला लागलं? वरून पाहून हे कळत नाही.

तापमापी ते सांगू शकते. थंड पाणी खाली जाताना बोअरच्या भिंतीतून उष्णता घेत जातं. ते जिथे भेगेतून बाहेर पडतं, तिथून खाली प्रवाहच उरत नाही. त्या खालचं साचलेलं पाणी खडकाइतकंच उबदार राहतं. म्हणून खोलीनुसार तापमानाचा आलेख काढला, तर पाणी बाहेर पडण्याच्या जागी त्यात एकदम वाकण दिसतं.

मात्र नुसता आकडा फसवू शकतो, कारण पाणी किती तापेल हे त्याच्या वेगावरही ठरतं. या उष्णतेचं सोपं गणित अभियंते हेन्री रेमी यांनी १९६२ मध्ये तेलविहिरींसाठी मांडलं. तेच आपल्या बोअरला लावून पाहू. समजा, २५ अंशांचं पाणी दिवसभर सेकंदाला एक लिटर या वेगाने तळापर्यंत जात आहे. तर तळाशी ते साधारण २६ अंशांचंच असेल, म्हणजे खडकापेक्षा पाच अंशांहून अधिक थंड. तेच पाणी दहा सेकंदांना एक लिटर इतकं हळू गेलं, तर वाटेत तापून तळाशी जवळपास ३० अंशांवर पोहोचेल. गणित न करता पाहणारा म्हणेल, खाली पाणी पोहोचलंच नाही. प्रत्यक्षात ते पोहोचलेलं असेल. म्हणून तापमानासोबत प्रवाहही मोजायला हवा.

पाणी सोडणं थांबवल्यावरही माहिती मिळते. ज्या थरात जास्त पाणी शिरलं, तिथला खडक जास्त गार झालेला असतो. तो पूर्ववत व्हायला वेळ घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या मोजणीत असे थर वेगळे उठून दिसतात.

अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर ही खोली फारच महत्त्वाची आहे. तिथे गोडं पाणी खाऱ्या थरात शिरलं, तर ते खाऱ्यात मिसळून वाया जातं. म्हणून तिथे तापमानाबरोबर पाण्याची क्षारताही खोलीनुसार मोजावी लागते.

मोजणीसाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. खुणा केलेल्या तारेला बांधलेला, नोंद ठेवणारा तापमान-संवेदक पुरतो. पंप काढलेली बोअर निवडावी. संवेदक सावकाश सोडावा आणि दर दहा फुटांवर थोडं थांबावं. पहिली मोजणी पाणी सोडण्याआधी, जूनच्या सुरुवातीला करावी. ती नसेल तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

आणि एक खबरदारी. शेतातलं किंवा गोठ्याजवळचं गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडू नये. जिवाणू आणि कीटकनाशकांचे अंश त्याच वाटेने शेजारच्या पिण्याच्या पाण्यात जाऊ शकतात. वाळू-गिट्टीचा गाळणखड्डा आधी हवाच. पण गाळणखड्डा प्रामुख्याने गाळ अडवतो, विरघळलेली औषधं अडवत नाही. म्हणून फवारणी झालेल्या शेतातलं पाणी बोअरपासून दूरच ठेवावं.