घरातल्या वाय-फायच्या दोन किल्ल्या

बँकेतील लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, हे आपल्या ग्राहकांना सांगावयास नको. एक किल्ली बँकेकडे असते, दुसरी ग्राहकाकडे. घरोघरी बसविलेल्या वाय-फाय राउटरलाही अशाच दोन किल्ल्या असतात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पहिली किल्ली म्हणजे वाय-फायचा पासवर्ड. तो नातवंडांना तोंडपाठ असतो आणि पाहुण्यांनाही आपण तो आनंदाने सांगतो. दुसरी किल्ली राउटरच्या अंतर्गत व्यवस्थेची. तिला ‘अ‍ॅडमिन पासवर्ड’ म्हणतात. लॉकरला दोन्ही किल्ल्या एकदम लागतात. राउटरचे तसे नाही. ज्याच्या हाती दुसरी किल्ली, तो पहिलीही बदलू शकतो. आणि नेमकी हीच किल्ली बहुतेक घरांत कारखान्यातून आली तशीच राहते.

भिलाईसारख्या शहरात हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती सेक्टरांची टाउनशिप वसली. विदर्भातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथेच रुजली. आज त्यांतील अनेकांची मुले नोकरीनिमित्त दूरच्या शहरांत आहेत आणि निवृत्त आईवडील निवृत्तिवेतन, मुदत ठेवी, वीजबिल असे सारे व्यवहार घरबसल्या मोबाइलवर करतात. राउटर बसविणारा तंत्रज्ञ येतो, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि जातो. ती चिठ्ठी टीव्हीमागे चिकटविली की आपले काम संपले, असे आपण समजतो. क्वार्टरला क्वार्टर लागून असल्यामुळे आपल्या राउटरच्या लहरी शेजारच्या घरात आणि खालच्या रस्त्यावरही सहज पोहोचतात. भिंती आपल्या मालकीच्या असल्या तरी लहरींना त्या अडवीत नाहीत.

उघड्या दाराची किंमत

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल गेला होता. तपास पथके त्याचा माग काढीत नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेत पोहोचली. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा ई-मेलशी संबंध नव्हता. त्याच्या वाय-फायचा वापर दुसऱ्याच कोणी केला होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत असेच ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून गेले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी इंटरनेट कंपन्यांना निर्देश दिले. बोध स्पष्ट आहे. इंटरनेटवर आपली जोडणी हाच आपला पत्ता असतो. त्या पत्त्यावरून कोणी अपकृत्य केले, तर पोलीस प्रथम आपलेच दार ठोठावतात.

हा धोका पहिल्या किल्लीचा झाला. दुसऱ्या किल्लीचा धोका थेट आपल्या बचत खात्याशी निगडित आहे.

आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टंकलिखित करतो, तेव्हा त्या नावाचा खरा आकडी पत्ता शोधण्याचे काम ‘डीएनएस’ नावाची व्यवस्था करते. ही इंटरनेटची दूरध्वनी निर्देशिकाच म्हणा ना! कोणती निर्देशिका वापरावयाची, याची नोंद राउटरमध्ये असते. ती नोंद बदलली, तर नाव बरोबर लिहूनही आपण तोतया संकेतस्थळावर जाऊन पोहोचू शकतो. ही केवळ कल्पना नव्हे. २०११-१२ च्या सुमारास ब्राझीलमध्ये मोडेमच्या अंतर्गत प्रणालीतील दोषाचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मोडेममधील ही नोंद बदलण्यात आली होती आणि बँकांच्या ग्राहकांची माहिती चोरली गेली होती. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रणालीच्या हल्ल्यात बाधित झाले. ज्यांनी मूळचा पासवर्ड बदलला नव्हता, अशा मोडेमना हा उपद्रव झाला होता. म्हणूनच तो ताबडतोब बदलण्याचे आवाहन ग्राहकांना करण्यात आले.

अर्ध्या तासाचे काम

उपाय कठीण नाहीत. राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर एक आकडी पत्ता असतो. अनेकदा तो १९२.१६८.१.१ असा असतो. घरच्या वाय-फायशी जोडलेल्या संगणकाच्या किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो लिहिला की राउटरचे पान उघडते. आत जाण्याचे नाव आणि पासवर्डही बहुधा त्याच कागदावर असतात. तेथे पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१. सर्वप्रथम अ‍ॅडमिन पासवर्ड बदलावा. तो वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असावा आणि पाहुण्यांना कधीही सांगू नये.

२. वाय-फायच्या सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए-३’ किंवा निदान ‘डब्ल्यूपीए-२’ हा पर्याय निवडावा. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे. तिच्यावर विसंबणे म्हणजे कडीविना कुलूप लावणे होय.

३. वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतोच; पण चार-पाच असंबद्ध शब्द जोडून तो लांब करावा. मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, क्वार्टर क्रमांक यांचा मोह टाळावा. जोडणीच्या नावातही आडनाव किंवा घराचा क्रमांक नसावा.

४. ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी. तिचा आठ आकडी पिन दोन भागांत तपासला जातो. त्यामुळे कोट्यवधींऐवजी फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये उघड झाले.

५. बाहेरून राउटर हाताळू देणारी ‘रिमोट मॅनेजमेंट’ ही सोय चालू असल्यास कंपनीला विचारून बंद करावी. राउटरची अंतर्गत प्रणाली, म्हणजे ‘फर्मवेअर’, अद्ययावत ठेवावी. ब्राझीलमधील अनर्थाचे मूळ तिच्यातील दोषातच होते.

६. ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असल्यास पाहुण्यांना तीच द्यावी. कारखान्यात आलेल्या पाहुण्याला गेट पास मिळतो, सर्व विभागांच्या किल्ल्या मिळत नाहीत. हा न्याय भिलाईकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

७. जोडलेल्या उपकरणांची यादी महिन्यातून एकदा पाहावी. अनोळखी उपकरण दिसल्यास वाय-फायचा पासवर्ड बदलावा.

पासवर्ड बदलला की टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर ही सारी उपकरणे पुन्हा जोडावी लागतात, हे ध्यानात ठेवावे. राउटरमागील ‘रिसेट’चे बारीक बटण मात्र उगाच दाबू नये. त्यामुळे मूळचा पासवर्ड परत येतोच, शिवाय इंटरनेट जोडणीची नोंद पुसली जाऊन सेवाही बंद पडू शकते.

वेगाची तक्रार असेल तर राउटरची जागा पाहावी. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि जाड काँक्रीटची भिंत लहरींना अडथळा करतात. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी आणि उंचावर ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, पण शेजाऱ्यांच्या राउटरांमुळे तेथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण कमी पल्ल्याच्या असतात.

ग्राहकाचा वाटा

एवढे करूनही सावधगिरी सुटू नये. बँकेचे संकेतस्थळ उघडताना सुरक्षा प्रमाणपत्र चुकीचे असल्याचा इशारा ब्राउझरने दिला, तर पुढे जाऊ नये. तोतया पान ओळखण्याची ती मोठी खूण आहे. फसवणूक झालीच, तर विनाविलंब बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व ठरविताना दोनच प्रश्नांना महत्त्व दिले : चूक कोणाची होती आणि कळविण्यास किती वेळ लागला. दोष ग्राहकाचा नसूनही कळविण्यास विलंब झाला, तर दायित्व वाढू शकते. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवीपर्यंतची झळ त्यालाच सोसावी लागते.

बैल गेल्यावर झोपा करण्यात शहाणपण नाही. येत्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर राउटर उचलून त्याच्या तळाशी चिकटविलेला कागद वाचावा. मुलगा किंवा नात सुटीवर घरी आली असेल, तर तिला सोबत घ्यावे आणि नवा अ‍ॅडमिन पासवर्ड वहीत लिहून, जेथे पासबुक आणि ठेवींच्या पावत्या ठेवता, तेथेच जपून ठेवावा. दुसरी किल्ली तेथेच शोभते.