उलटं कोरलेलं

"कॅमेरा त्या टेबलावर नको, तिथं शाई आहे." ताईंचं पहिलं वाक्य. दुसरं, "चेहऱ्याचे फोटो कशाला? छापायचं काम हात करतात."

पुण्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर ताईंचा स्टुडिओ आहे. मुद्राचित्रकाराकडे फोटो काढायला जायचं तर आधी रॉकेल, मेण आणि शाईच्या वासाशी जमवून घ्यावं लागतं. जस्ताच्या प्लेटवर मेण, राळ आणि डांबराचं काळपट ग्राउंड चढवलेलं होतं. सुईनं रेघ ओढली की तेवढंच ग्राउंड निघतं आणि उघडा पडलेला धातू नायट्रिक ॲसिड खातं. ट्रेमध्ये रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते तसेच राहिले तर रेघ ओबडधोबड होते. ताई ते पिसानं अलगद सारत होत्या. पिसं खिडकीतले पारवे फुकट पुरवतात.

त्या डांबरावर मी जरा अडून राहिलो, कारण आमचा धंदा तिथूनच निघाला. फ्रान्समधल्या नीसेफोर न्येप्सला शिळाछापाचं वेड होतं, पण चित्रकलेत हात बेताचा. मग चित्र उजेडाकडूनच काढून घ्यावं, असं त्याच्या मनानं घेतलं. कोरीवकामवाल्यांच्या वापरातलं डांबर उजेडात कडक होतं, हे त्यानं हेरलं. 1826 च्या सुमारास एका कार्डिनलच्या जुन्या छापचित्राची त्यानं अशी प्रत पत्र्यावर उतरवली. तो पत्रा ॲसिडनं कोरून त्याचे कागदावर ठसेही निघाले. त्याच सुमारास डांबर लावलेल्या पत्र्यावर त्यानं खिडकीबाहेरची छपरं टिपली. कॅमेऱ्यानं टिपलेलं, आज शिल्लक असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र ते हेच. म्हणजे फोटोवाले या घराण्याची धाकटी पाती.

आपल्याकडे धातूवर कोरून छापायची खटपट पेशवाईतच सुरू झाली. नाना फडणविसांनी पुण्यात एका तांबटाला या कामाला लावलं होतं. नाना गेले, काम अडलं. पण 1805 मध्ये मिरजेत, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं, तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता छापून झाली. अ. का. प्रियोळकरांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. सातशे श्लोक, आणि अक्षरन् अक्षर उलटं कोरायचं! त्या कारागिराचा फोटो असता तर मी हातांचाच मागितला असता.

ताईंच्या प्लेटवर पेठेतली गल्ली होती, दुकानाची पाटी 'किराणा व भुसार', अर्थात उलटी. शाई रेघांत भरून त्यांनी वरवरची जाळीदार कापडानं पुसली. शेवटचा हात तळव्याचा. ओलसर कागद, वर नमदा, मग प्रेसचं चाक. कागद एका कोपऱ्यानं उचलताना त्यांनी श्वास रोखला होता. मीही. तेवढ्यात शटर दाबायचं राहिलंच.

"आता पुढच्या प्रतीला," ताई म्हणाल्या. पंधरा प्रती काढायच्या होत्या, म्हणून निभावलं.

पूर्वी एका अंकात मी काढलेला असाच प्लेटचा फोटो छापला होता. अक्षरं उलटी दिसतात म्हणून कुणी तरी मायेनं फोटोच फिरवला. उजव्या हाताचे कलावंत डावखुरे झाले आणि त्यांनी मला वर्षभर ऐकवलं.

म्हणून आधीच सांगतो: सोबतच्या छायाचित्रात ताईंच्या हातातल्या प्लेटवरची पाटी उलटी दिसेल. ती तशीच बरोबर आहे.