बिल्ल्याच्या मागचं वेळापत्रक

स्पर्धेच्या सकाळी नोंदणीच्या टेबलावर मुलाच्या गळ्यात बिल्ला पडतो. पुढच्या बाजूला नाव आणि देश. आईबाप फोटो काढतात तो या बाजूचा. मुलाचा दिवस मात्र मागच्या बाजूला छापलेला असतो: ३×३, गट ४, सोडवणे. ३×३, गट ५, जज. २×२, गट १, रनर. पिरॅमिंक्स, गट २, सोडवणे. दहा-अकरा वर्षांचं पोर ते बारीक अक्षर वाचतं, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आज आपण फक्त खेळायला आलेलो नाही. दुसऱ्यांचा खेळ नीट पार पडावा म्हणून राबायलाही आलो आहोत.

रुबिक क्यूब वेगाने सोडवण्याच्या स्पर्धांबद्दल छापून येतं ते विक्रमांबद्दल. मॅक्स पार्कने जून २०२३मध्ये लाँग बीचला ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला, तेव्हा ती बातमी जगभर गेली. त्या तीन सेकंदांच्या मागे काही तासांचं काटेकोर वेळापत्रक असतं, त्याची बातमी होत नाही. खेळ कुणाला न्याय देतो आणि कुणावर नकळत अन्याय करतो, हे मात्र बरंचसं त्या वेळापत्रकातच ठरतं. टायमर सेकंदाचा शंभरावा भाग मोजतो. पण त्या टायमरसमोर कोण, कधी, किती वेळा बसणार, हे माणसं ठरवतात.

एर्नो रुबिकने हा क्यूब बुडापेस्टमध्ये १९७४ साली तयार केला. पहिली जागतिक स्पर्धा त्याच शहरात ५ जून १९८२ रोजी झाली. स्पर्धक होते एकोणीस, प्रत्येकाला तीन संधी, आणि तिन्हींतली सर्वांत चांगली वेळ धरायची. अमेरिकेच्या मिन थाईने २२.९५ सेकंदांत बाजी मारली. एकोणीस जणांचा कार्यक्रम एका कागदावर मावतो. त्यानंतर क्यूबचं वेड ओसरलं आणि दुसरी जागतिक स्पर्धा थेट २००३ साली टोरांटोला झाली. पुढच्याच वर्षी वर्ल्ड क्यूब असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूसीए, स्थापन झाली. आज तिच्या नोंदींत दोन लाखांहून अधिक स्पर्धक आहेत आणि अधिकृत प्रकार सतरा आहेत. २०१७च्या पॅरिसमधल्या जागतिक स्पर्धेत नऊशेहून अधिक स्पर्धक होते. २०२५च्या सिॲटलमध्ये हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

संस्थेने स्वतःपुढे ठेवलेलं ध्येय साधं आहे: अधिक देशांत, अधिक स्पर्धा, अधिक माणसं, अधिक आनंद आणि सगळं न्याय्य वातावरणात. वाचायला सोपं वाटतं. पण ‘अधिक माणसं’ आणि ‘न्याय्य’ या दोन गोष्टी एकाच सभागृहात, एकाच दिवसात बसवायला घेतल्या की एकीला जागा देताना दुसरी आखडते.

साधा हिशोब करून पाहावा. हजार स्पर्धक आहेत आणि फक्त ३×३ची पहिली फेरी घ्यायची आहे. प्रत्येकाला पाच संधी, म्हणजे पाच हजार वेळा क्यूब सोडवला जाणार. निरीक्षणाचे पंधरा सेकंद, सोडवण्याचा वेळ, टायमर शून्यावर आणणं, वेळ लिहिणं, सह्या, हे सगळं धरून एका संधीला दीड मिनिट लागलं, तरी साडेसात हजार मिनिटं होतात. म्हणजे सव्वाशे तास. पन्नास टेबलं लावली तर अडीच तासांत काम होतं, पण पन्नास टेबलं म्हणजे पन्नास टायमर, पन्नास जज आणि त्यांच्या मागे क्यूब विस्कटणाऱ्यांची फौज. हा सतरांपैकी एकाच प्रकाराचा, तोही पहिल्याच फेरीचा हिशोब. ७×७ला संधी तीनच असतात, पण तिथे नुसता क्यूब विस्कटायला शंभर चाली कराव्या लागतात. जगातले सर्वोत्तम खेळाडू तो दोन मिनिटांच्या आत सोडवतात. साधारण स्पर्धकाला पाच-सहा मिनिटं सहज लागतात.

एकाच संधीच्या मागे जाऊन पाहिलं तर वेळ कुठे जातो ते दिसतं. स्पर्धक आपला क्यूब आणि निकालाची चिठ्ठी टेबलावर ठेवतो आणि प्रतीक्षेच्या खुर्चीत जाऊन बसतो. पडद्यामागे किंवा पाठमोऱ्या रांगेत क्यूब विस्कटणारे स्क्रॅम्बलर बसलेले असतात. त्यांच्यासमोरच्या कागदावर संगणकाने काढलेला चालींचा क्रम असतो. पांढरी बाजू वर, हिरवी समोर धरून ते त्या चाली करतात आणि शेवटी क्यूब कागदावरच्या चित्राशी ताडून सही करतात. मग क्यूबवर झाकण ठेवलं जातं. रनर तो झाकलेला क्यूब जजच्या टेबलावर नेतो आणि नाव पुकारलं जातं. जज विचारतो, तयार? झाकण उचललं जातं. आठव्या सेकंदाला जज ‘आठ’ म्हणतो, बाराव्याला ‘बारा’. पंधरा सेकंद ओलांडले तर निकालात दोन सेकंदांची भर पडते, सतरा ओलांडले तर ती संधी बाद. मग हात टायमरवर, हिरवा दिवा, आणि क्यूब हातात.

या फेऱ्यात प्रत्यक्ष सोडवणं सर्वांत छोटं असतं. एका मुलाचा क्यूब पडद्यामागे विस्कटला जात असताना त्याचं टेबल रिकामं राहू नये, म्हणून गटात टेबलांपेक्षा जास्त मुलं घेतात, साधारण दीडपटीहून थोडी अधिक. चौदा टेबलं असतील तर बावीस ते चोवीस जणांचा गट. गट लहान ठेवला तर जज रिकामे बसून राहतात. गट मोठा केला तर मुलं पाऊण तास खुर्चीत ताटकळतात आणि बोटं गार पडतात. क्यूबरच्या बोटांना गारवा किती नडतो, हे स्पर्धेच्या ठिकाणी मुलं तळहात घासत किंवा खिशात गरम पिशवी धरून बसलेली दिसतात त्यावरून कळतं.

हे जज, स्क्रॅम्बलर आणि रनर कुठून येतात? बहुतेक स्पर्धकांमधूनच. या खेळात पगारी पंच नाहीत. स्पर्धेवर देखरेख करणारे संस्थेचे डेलिगेटही स्वयंसेवक असतात. चौथ्या गटात खेळणारं पोर पाचव्या गटाचं जज होतं, आणि ते खेळत असताना त्याचा जज झालेला मुलगा सहाव्या गटात खेळतो. सबंध रचना एकमेकांच्या खांद्यावर उभी असते. एका गटातली दहा मुलं जेवायला गेली आणि जज म्हणून परतलीच नाहीत, तर पुढचा गट अर्ध्या टेबलांवर चालतो आणि संध्याकाळची अंतिम फेरी रात्रीवर जाते.

गट पाडणं हे खरं कसबाचं काम आहे. एका बाजूने वाटतं की वेगवान खेळाडूंना एकाच गटात घालावं. डब्ल्यूसीएच्या स्पर्धेत एका गटातल्या सगळ्यांना तेच विस्कटलेले क्यूब मिळतात, तर वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे. पहिला गट बाहेर पडून दुसऱ्याला काही सांगू शकू नये म्हणून ही काळजी घेतलेली असते. प्रत्येक गटाच्या कागदाला वेगळा पासवर्ड असतो आणि तो गट सुरू होण्याच्या सुमारास उघडतो. म्हणजे वरच्या जागांसाठी झगडणारे एकाच गटात असले, तर त्यांची तुलना खरी. पण मग त्या गटासाठी क्यूब विस्कटणार कोण? चांगला स्क्रॅम्बलर म्हणजे ज्याचा हात जलद आणि नजर पक्की असा माणूस, आणि तसे सगळे तर त्याच गटात खेळायला बसलेले. त्यांची जागा संथ हातांनी घेतली की सबंध गट रेंगाळतो, आणि चुकीच्या विस्कटणीचा धोकाही वाढतो. एखादी चाल उलटी झाली तर त्या मुलाला बाकीच्यांपेक्षा वेगळंच कोडं मिळतं आणि मग डेलिगेटला तिथल्या तिथे निवाडा करावा लागतो.

म्हणून वेगवान मंडळींना दोन-तीन गटांत वाटून घेतात. तसं केलं की दुसरा प्रश्न उभा राहतो. गट दोनला सोपी विस्कटणी आली आणि गट तीनला अवघड, तर पुढच्या फेरीतल्या शेवटच्या जागेसाठी झगडणाऱ्या दोघांमध्ये नशिबाचा वाटा येतो. पाचांतली सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ सोडून उरलेल्या तिन्हींची सरासरी धरतात, तेव्हा हा वाटा कमी होतो. पण संपत नाही. अंतिम फेरीत मात्र सगळे एकाच गटात असतात आणि दर संधीला सगळ्यांना तीच विस्कटणी मिळते. या खेळातली सर्वांत स्वच्छ तुलना तिथे होते.

पोलंडच्या योनातान क्लोस्को यांनी गट पाडण्यासाठी ग्रुपिफायर नावाची प्रणाली तयार केली. निकाल पडद्यावर दाखवणारी डब्ल्यूसीए लाइव्हही त्यांचीच. शेकडो नावांचे गट आणि कामांची वाटणी एका बैठकीत होते, त्यामुळे संयोजकांच्या कितीतरी रात्री वाचल्या आहेत. तरीही तयार यादी हाताने पुन्हा तपासावी लागते. दोन बहीणभाऊ एकाच वेळी खेळायला बसले तर सोबत आलेल्या एकट्या आईने कुणाकडे बघायचं? एका गटात चार ‘आरव’ असले तर पुकारा झाल्यावर कोण उठणार? जाणता संयोजक अशी नावं निरनिराळ्या गटांत टाकतो. गर्दीच्या सभागृहात चुकीच्या चिठ्ठीवर चुकीची वेळ लिहिली जाऊ नये, यासाठी ही छोटी खबरदारी फार मोलाची ठरते.

वेळ वाचवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कटऑफ. पहिल्या दोन संधींत ठरावीक वेळेच्या आत क्यूब सुटला तरच उरलेल्या तीन मिळणार. आयोजकाच्या जागी उभं राहिलं तर ते पटतं, कारण पाच मिनिटं घेणाऱ्या मुलाला पाचही संधी दिल्या तर एक टेबल अर्धा तास अडकतं. पण रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला ४×४मध्ये दोनच संधी मिळाल्या आणि पंधरा मिनिटांत तिचा प्रकार संपला, तर तिच्या मनात काय राहील? नियम सांगतात की एका प्रकाराच्या चारच फेऱ्या घेता येतात आणि दर फेरीत किमान पंचवीस टक्के स्पर्धक गळले पाहिजेत. पुढच्या फेऱ्या थोड्यांसाठीच असतात. म्हणूनच कटऑफ थोडा सैल ठेवून दुसरी फेरी छोटी करणारे आयोजक बरोबर करतात. शंभरातल्या ऐंशी मुलांसाठी पहिली फेरी हीच त्यांची संपूर्ण स्पर्धा असते.

काही प्रकार मुख्य सभागृहात बसतच नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधून अनेक क्यूब सोडवायच्या प्रकारात एक तास मिळतो. अव्वल खेळाडू त्या तासात पन्नासहून अधिक क्यूब लक्षात ठेवून न बघता सोडवतात. त्याला शांत खोली लागते. ती खोली चालू असताना बाहेर दुसरा प्रकार चालू ठेवावा, तर दोन्ही खेळणाऱ्याला एक सोडावा लागतो. न ठेवावा, तर सभागृह तासभर रिकामं. कमीत कमी चालींच्या प्रकारातही तास असतो, पण तो कागद-पेन्सिलचा. हा प्रकार आशियातल्या अनेक शहरांत एकाच दिवशी घेतात. प्रश्न सगळ्यांना तोच, त्यामुळे तो सगळीकडे एकाच क्षणी उघडावा लागतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. एकाची सकाळ ती दुसऱ्याची दुपार, आणि ताज्या डोक्याने कोण बसणार हे नकाशा ठरवतो.

थकवा हा या खेळातला न मोजला जाणारा घटक आहे. सकाळी दोनशे क्यूब विस्कटलेल्या बोटांनी दुपारी उपान्त्य फेरी खेळायची, हे नेहमीचंच. त्यावर गोंगाट, टाळ्या, खुर्च्यांचे आवाज. अशा गोंगाटात खेळणाऱ्या मॅक्स पार्कला ऑटिझम आहे. हाताच्या हालचाली सुधाराव्यात म्हणून घरच्यांनी त्याच्या हाती क्यूब दिला, आणि त्याने २०१७ला पॅरिसमध्ये आणि २०२३ला इंचॉनमध्ये जागतिक ३×३ जिंकलं. २०२०च्या ‘द स्पीड क्यूबर्स’ या माहितीपटात ही गोष्ट आहे. आजारपण किंवा अपंगत्व असलेल्या खेळाडूला नियमांतून आवश्यक ती सवलत देण्याचा अधिकार डेलिगेटला आहे. ही तरतूद सर्व आयोजकांनी तोंडपाठ ठेवावी इतकी महत्त्वाची आहे.

अन्यायाचा सर्वांत ताजा प्रश्न सभागृहाच्या दाराबाहेर उभा आहे. मोठ्या शहरांत नोंदणी उघडते आणि काही मिनिटांत जागा संपतात. जलद इंटरनेट, हाताशी कार्ड आणि मिनिटाचा अंदाज असलेला जुना खेळाडू आत जातो. शाळेतून घरी आल्यावर आईच्या फोनवर फॉर्म भरणारं मूल प्रतीक्षायादीत पडतं. मोठ्या स्पर्धांत पात्रतेच्या वेळा ठेवल्या की गर्दी आटोक्यात येते, पण नवख्याला आधी दुसरीकडे कुठेतरी खेळून यावं लागतं. ऑक्टोबर २०२४मध्ये डब्ल्यूसीएने नवख्यांसाठी एक महिना राखला आणि अनेक स्पर्धांत त्यांच्यासाठी जागा ठेवल्या. असं दरवर्षी आणि दर शहरात व्हायला हवं. मुंबई-पुण्याच्या स्पर्धांतही नवख्यांसाठी काही खुर्च्या बाजूला ठेवणं अवघड नाही.

वेळापत्रकातून एखादा प्रकारच वगळला गेला तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. पायांनी क्यूब सोडवण्याचा प्रकार २०१९च्या अखेरीपर्यंत अधिकृत होता. त्यासाठी जमिनीवर वेगळी जागा लागे, बूट-मोजे काढून बसावं लागे. १ जानेवारी २०२०पासून तो यादीतून गेला. त्याआधी पाच दिवस, २७ डिसेंबर २०१९ रोजी, व्हीजेटीआय मुंबई क्यूब ओपनमध्ये मोहम्मद ऐमान कोलीने पायांनी १५.५६ सेकंदांत क्यूब सोडवला आणि जागतिक विक्रम केला. विक्रमांच्या यादीत ही वेळ तशीच आहे. ती मोडायला बसण्याची जागा आता कुठल्याही बिल्ल्याच्या मागे छापली जात नाही.