गोल्फ स्पर्धा, क्षेपणास्त्राचा अलर्ट आणि ३८ मिनिटं

१३ जानेवारी २०१८, शनिवार. हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरात ‘सोनी ओपन’ ही पीजीए टूरची गोल्फ स्पर्धा सुरू होती. त्या दिवशी तिसरी फेरी होती. सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी खेळाडूंसकट सगळ्यांचे फोन जोरात वाजायला लागले. मेसेज असा होता: हवाईच्या दिशेने क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही.

जॉन पीटरसन हा खेळाडू बायको, बाळ आणि सासू-सासऱ्यांसोबत बाथटबमध्ये गाद्यांखाली लपला. जे. जे. स्पॉन हॉटेलच्या तळघरात गेला, तिथे नेटवर्क जेमतेम होतं. दोघांनीही हे तिथूनच ट्वीट केलं. उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्र चाचण्यांमुळे महिनाभर आधीच हवाईत अणुहल्ल्याच्या भोंग्याची चाचणी झाली होती. त्यामुळे अनेकांना ही थट्टा वाटली नाही.

पण क्षेपणास्त्र नव्हतंच.

नंबर नसताना मेसेज येतो कसा?

स्पर्धेसाठी बाहेरून आलेल्या खेळाडूंचे नंबर हवाई सरकारकडे कुठून असणार? त्यांची गरजच नसते. हा एसएमएस नाही, याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा जातो, लाखोंना पाठवायचा तर रांग लागते. सेल ब्रॉडकास्टमध्ये मोबाइल टॉवर एकदाच घोषणा करतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ती ऐकतात. रेडिओसारखंच. म्हणून नेटवर्कवर गर्दी असली तरी अलर्ट काही सेकंदांत पोचतो.

मग चुकलं कुठे?

अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसीने याची चौकशी केली. त्या सकाळी आपत्कालीन केंद्रात सराव चालू होता. सरावाच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘सराव, सराव’ असं होतं, पण ‘हा सराव नाही’ हे वाक्यही होतं. कर्मचाऱ्याला हल्ला खराच वाटला. सॉफ्टवेअरमध्ये चाचणीचा आणि खऱ्या अलर्टचा पर्याय एकाच यादीत होता. दोन्हीसाठी ‘नक्की पाठवायचा का?’ हा प्रश्नही सारखाच. त्याने ‘हो’ म्हटलं. दुसऱ्या कुणाची मंजुरी लागतच नव्हती.

खरी गंमत पुढे आहे. साधारण पाच मिनिटांत अलर्ट रद्द केला गेला. पण ‘रद्द’चा अर्थ फक्त ‘यापुढे पाठवू नका’ एवढाच. फोनवर आलेला मेसेज तसाच राहिला. ‘धोका नाही’ असा मेसेज आधीपासून तयार करून ठेवलेला नव्हता. ट्विटरवर खुलासा आला, पण तो ज्याने पाहिला त्यालाच कळला. फोनवर दुरुस्तीचा अलर्ट यायला ८:४५ वाजले. म्हणजे ३८ मिनिटं!

तिसरी फेरी त्याच दिवशी खेळली गेली आणि रविवारी पॅटन किझायर जिंकला. नंतर हवाईने दोन बदल केले: खरा अलर्ट पाठवायला दोन माणसं लागणार आणि चुकीचा अलर्ट मागे घेण्याचा मेसेज तयार ठेवणार.

आपल्याशी काय संबंध?

२०२३ मध्ये भारतातल्या अनेक फोनवर मोठ्या आवाजात एक अलर्ट आला होता, आठवतंय? तीही सेल ब्रॉडकास्टचीच चाचणी होती. फरक एवढाच, की ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

त्या आवाजाने दचकून काहींनी हे अलर्ट बंद केले असतील. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ असं शोधा आणि चालू आहेत ना, ते बघा. पूर किंवा चक्रीवादळाच्या वेळी हाच मेसेज सगळ्यात आधी पोचू शकतो. आणि अलर्ट आलाच तर आधी सुरक्षित जागी जा, मग टीव्ही, रेडिओ किंवा सरकारी खात्यांवर खात्री करा. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करणं त्यानंतर.