जुना टेबल सॉ घेताना

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये सुतारकाम करणाऱ्यांना जुने टेबल सॉ स्वस्तात मिळतात. बिडाच्या जड टेबलाची ही यंत्रं पन्नास वर्षांनंतरही ठणठणीत असतात. घेणारा मात्र आधी मोटरची हॉर्सपॉवर विचारतो. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटचा. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. पुढचे दात लाकूड टेबलावर दाबून धरतात, मागचे मात्र वर येत असतात. फळी फेन्स (जिला टेकवून फळी सरकवतात ती पट्टी) आणि पात्याच्या मध्ये आवळली गेली, की मागचे दात तिला उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. मोटर मोठी असेल तर हा तडाखा वाढतोच.

म्हणून आधी पाहायची ती पातं आणि टेबलावरची सरळ खाच यांची समांतरता. पात्याच्या एका दातावर खूण करा, त्या खाचेपासून त्याचं अंतर पुढे मोजा, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. (अर्थात, प्लग काढूनच.) दात तोच ठेवल्यामुळे पात्याचा स्वतःचा बाक मापात शिरत नाही. फरक इंचाच्या पाच हजारांश भागाहून जास्त असेल, तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून तो काढता येतो. पैसे घालायचेच तर ते फेन्सवर घालावेत. बिल बीझमायर यांच्या टी-स्क्वेअर पद्धतीची फेन्स पुढच्या पट्टीला घट्ट धरून सरळ राहते. बऱ्याच जुन्या फेन्स आवळून घट्ट करतानाच तिरक्या सरकतात.

हात सरावलेला असेल तर पात्यामागे चीर उघडी ठेवणारा रायव्हिंग नाइफ किंवा स्प्लिटर कशाला, असं काहीजण म्हणतात. पण भट्टीत वाळवलेल्या लाकडात ताण साठलेला असतो. तो मोकळा झाला की कापलेली चीर पात्यावर मिटते, आणि ते कसबी हातालाही आधी कळत नाही. कातडी टेकताच पातं थांबवणारं सॉस्टॉपचं तंत्र बोटं वाचवतं. फळीचं उसळणं ते रोखत नाही, शिवाय जुन्या यंत्राला ते बसवताही येत नाही. ज्या जुन्या सॉला स्प्लिटर लावायची सोयच नाही, तो कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. मोटर लहान असेल तर ३.२ ऐवजी २.४ मिलिमीटर चिरेचं पातं लावावं. लाकूड पाव हिश्शाने कमी कापावं लागतं. मात्र स्प्लिटर त्या चिरेपेक्षा किंचित पातळ हवा, नाहीतर फळी त्याच्यावरच अडेल.